रोवणीच्या बांधीत आरोग्याचा सल्ला

आषाढात पाऊस धरला की आसगावच्या बांध्या चिखलणीला येतात. पवनी तालुक्यातला हा चौरास पट्टा धानाचा. पऱ्हे उपटायची, पेंढ्या बांधून बांधीत फेकायच्या आणि ओळीनं बायांनी रोवत मागे सरायचं. सकाळी बांधीत उतरलेली बाई सांजेपर्यंत कमरेत वाकलेली असते. पाय पोटरीपर्यंत गार चिखलात, पाठीवर प्लास्टिकचा कागद, त्याच्या आत घाम आणि बाहेर पाऊस. रोवणी एकरी ठरलेली असली तर कुणी मध्येच बसत नाही, कारण एक बसली की साऱ्या टोळीची मजुरी मागे पडते.

आता याच बाईला सिकलसेल आहे असं धरा. पूर्व विदर्भात हे धरणं अवघड नाही. हा आजार इथं आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर मागास समाजांतही आहे. तिला मिळणारा सल्ला असा असतो: पाणी भरपूर प्या, थंडीत भिजू नका, अतिश्रम टाळा, थकवा आला की विश्रांती घ्या. यातला एकही शब्द चुकीचा नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी शरीर कोरडं पडलं, गारठलं किंवा प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटावीत तशी कळ उठते. सल्ला त्या कळेपासून वाचवण्यासाठीच आहे. पण रोवणीचं काम म्हणजे नेमकं भिजणं, गारठणं, राबणं आणि पाणी न पिणं. पाणी न पिण्याचं कारणही बायांना विचारावं लागतं, त्या आपणहून सांगत नाहीत. उघड्या शिवारात आडोसा नाही. लघवीला जायची सोय नाही, म्हणून सकाळपासूनच पाणी तोडलं जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे. गावाला दिला जाणारा आरोग्याचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, पण तो चुकीच्या दारात जातो. जिच्या हातात परिस्थिती बदलणं नाही तिलाच तो ऐकवला जातो, आणि ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. बांधीवर प्यायचं पाणी पोचवणं, धुऱ्यावर ताडपत्रीचा आडोसा करणं, दुखणाऱ्या बाईला दोन दिवस रोवण्याऐवजी पेंढ्या पोचवायचं काम देणं, या गोष्टी टोळी ठरवणाऱ्याच्या आणि शेतमालकाच्या हातातल्या आहेत. त्यांच्यासाठी आजवर कुणी सिकलसेलचं पत्रक छापलेलं माझ्या पाहण्यात नाही.

लग्नाच्या वेळी हेच होतं. आई आणि वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी रक्त तपासा हा सल्ला अगदी योग्य. वाहक माणूस स्वतः सहसा ठणठणीत असतो, आणि दोघांपैकी एकच वाहक असेल तर मुलाला हा आजार होत नाही. तरीही तपासणी मुलीची आधी होते, आणि वाहक निघाली की स्थळ मोडतं. मुलाचं रक्त कुणी पाहिलेलंच नसतं. अशा घरात मुलीला ‘तपासणी करून घे’ सांगणं म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझं टाकणं होय. तो सल्ला मुलाच्या बापाला द्यायला हवा, आणि बैठकीत, चार माणसांसमोर द्यायला हवा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट. तपासणीचे आकडे भरतील. तपासणीनंतर त्या मुलीचं काय होतं हे मात्र गावाच्या वागण्यावर ठरेल.

चुकीच्या दारात गेलेल्या सल्ल्याची सर्वांत मोठी गोष्ट याच मातीत उगवते. ती आहे लाखोरीची. धान निसवून पिकायला आलं की उभ्या पिकातच, बांधीतल्या ओलीवर, लाखोरीचं बी फेकतात. नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून नेल्यावर ती वाढते, जमिनीत नत्र धरते, जनावरांना चारा देते, कोवळ्या पाल्याची भाजी देते आणि शेवटी डाळ देते. उतेऱ्याच्या या पिकानं भंडारा-गोंदियाकडच्या गरिबाचं पोट पिढ्यान्‌पिढ्या धरलं. मात्र या दाण्यात एक विषारी अमिनो आम्ल आहे. ते सतत, फार मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर पायांतली शक्ती जाते आणि ती परत येत नाही. म्हणून १९६१ पासून केंद्राच्या अन्नभेसळ नियमांनी तिची विक्री रोखली, आणि ‘लाखोरी खाऊ नका, लुळे व्हाल’ हा सल्ला घरोघर पोचला.

पण लुळे कोण झाले? इंग्रज अधिकारी स्लीमननं १८३०च्या आसपास सागरकडच्या गावांतली हकिगत लिहून ठेवली आहे. गहू लागोपाठ बुडाला, शेतात लाखोरीच तेवढी उरली, माणसं तिच्यावरच जगली आणि तरणी पोरं पायांतून गेली. रीवा भागात वेठीच्या गड्यांना मजुरीच लाखोरीमिश्रित धान्यात दिली जायची. त्याच गावातला मालक आठवड्यातून दोनदा तीच डाळ भाताबरोबर खायचा आणि चालता-फिरता राहायचा. दुसऱ्या महायुद्धात रुमेनियाच्या ताब्यातल्या वापन्यार्का छळछावणीत ज्यू कैद्यांना हीच लाखोरी रोज खाऊ घातली गेली. काही आठवड्यांतच शेकडो कैद्यांचे पाय जखडले. ते कशामुळे हे छावणीतलाच कैदी असलेल्या डॉक्टर आर्थर केसलरनं ओळखलं. सागर, रीवा आणि वापन्यार्का, तिन्ही ठिकाणी दाणा एकच होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिन्ही ठिकाणी माणसाला दुसरं काही खायला नव्हतं. दुष्काळानं, मालकानं किंवा पहारेकऱ्यानं त्याच्यापुढे तेवढंच ठेवलं होतं.

म्हणजे रोगाचं मूळ दाण्यात जितकं होतं तितकंच मजुरीत होतं. बंदी मात्र दाण्यावर आली. मजुरी धान्यात देणारावर, एकाच डाळीवर जगायला लावणारावर कुणी बोट ठेवलं नाही. बंदीच्या काळातही लाखोरी पेरली गेली, कारण फुकटच्या ओलीवर दुसरं येतं काय? झालं इतकंच की शेतकऱ्याला तिचा उघड भाव मिळेना आणि ती बेसनात, तूरडाळीत भेसळ म्हणून शिरली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं झगडले, उपोषणाला बसले. पुढे महाराष्ट्रानं आपल्यापुरती बंदी उठवली. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी रतन, प्रतीक आणि महातेवडा या कमी विषाच्या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवला. कोठारींची सगळीच मतं मला पटत नाहीत. त्यांच्याच संस्थेच्या याचिकेवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बिगर-आयोडीन मिठाच्या विक्रीवरची बंदी रद्द ठरवली. आयोडीनयुक्त मिठानं या देशातल्या लाखो पोरांची बुद्धी आणि बायांचे गळे वाचवले आहेत असं मी मानतो, आणि आसगावच्या प्रत्येक घरात ते असावं असंच सांगेन. पण लाखोरीच्या बाबतीत त्यांनी खाणाऱ्याच्या बाजूनं प्रश्न विचारला, आणि तो विचारायला हवाच होता.

आज लाखोरीबद्दल घरात काय सांगावं? ती रोजचं एकमेव अन्न होऊ देऊ नये. डाळ गरम पाण्यात भिजवावी आणि ते पाणी ओतून द्यावं, विषाचा मोठा भाग त्याबरोबर जातो. तूर, मूग, हरभरा, भाजी, अंडं, तलावातली मासळी यांच्यासोबत ती थोडी खाल्ली तर भिण्याचं कारण नाही. हे तीन वाक्यांत संपलं. पण तूर आणि अंडं विकत घेण्याइतकी मजुरी बाईच्या हातात पडते का, हा प्रश्न त्या तीन वाक्यांच्या आधी येतो.

हा हिशोब महाराष्ट्रात एकदा नीट मांडला गेला आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्ध्यात काम करणाऱ्या डॉ. अभय बंग यांनी रोजगार हमीवरच्या मजुरीचं गणित तपासलं. दिवसाला चार रुपये हा दर कष्टकऱ्याला किती उष्मांक लागतात त्याच्या चुकीच्या हिशोबावर उभा होता. खरा हिशोब केला तर मजुरी बारा रुपये यायला हवी होती. पुढे सरकारला दर वाढवावा लागला. ‘सकस आहार घ्या’ असं सांगणारे डॉक्टर गावोगाव होते. या डॉक्टरनं तो आहार विकत घेता येण्याची रक्कम मोजली आणि ती सरकारला सांगितली. आरोग्याचा याहून नेमका सल्ला मला माहीत नाही, आणि तो आजारी माणसाला दिलेला नव्हता.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त बाया फिक्या असतील तर तो बायांचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. लोहाच्या गोळ्या जरूर घ्याव्यात. जेवणानंतर लगेच चहा पिऊ नये, ताटात लिंबू किंवा आवळा असावा. सिकलसेल असेल तर लोह स्वतःच्या मनानं न घेता आधी रक्त तपासून घ्यावं. पण ताट वाढणारी बाई सगळ्यांच्या मागून जेवते आणि डाळीच्या भांड्यात तळाचं पाणी उरतं, हे घरातल्या पुरुषानं पाहिल्याशिवाय गोळीचं काम अर्धंच राहील.

खर्ऱ्याकडे मी याच नजरेनं पाहतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा पूर्व विदर्भात लहान पोरापासून म्हाताऱ्या आजीपर्यंत तोंडात असतो. सुपारीनं तोंडाच्या आतली त्वचा ताठरते, हळूहळू तोंड दोन बोटंही उघडेनासं होतं. तंबाखूचा कर्करोग त्यावर चढतो. हे सांगणारी चित्रं प्रत्येक दवाखान्यात आहेत. तरी तो सुटत नाही, कारण तो भूक मारतो, झोप मारतो, आणि बांधीवर दोन मिनिटं उभं राहायचं निमित्त देतो. चहा प्यायला जाता येत नाही, खर्रा तोंडात टाकून रोवता येतं. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटला जाणारा खर्रा त्या बंदीला पुरून उरला. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’च्या कामात गावांनी ग्रामसभेत एकत्र ठरवून दारू आणि खर्ऱ्याची विक्री थांबवायला सुरुवात केली. तिथं सल्ला खाणाऱ्याच्या तोंडापाशी अडला नाही, विकणाऱ्याच्या ठेल्यापर्यंत गेला. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटकं चालतात, हजारो माणसं गोळा होतात. त्या रात्री मंडईच्या जागेवर खर्ऱ्याचा ठेला लागू द्यायचा नाही, एवढं एक गाव ठरवू शकतं. शाळेतल्या शंभर भाषणांपेक्षा ते पोरांना जास्त कळेल.

मग माणसानं स्वतःसाठी काहीच करायचं नाही का? करायचं, आणि जिथं त्याच्या हातात आहे तिथं अगदी काटेकोरपणे करायचं. साप हे त्याचं चांगलं उदाहरण. पावसाळ्यात धानाच्या गावांत मण्यार रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दात इतके बारीक की कित्येकदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि घरचे म्हणतात उष्माघात झाला, भूत लागलं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली असा अंदाज आहे. यातली फार मोठी संख्या खेड्यातली, पावसाळ्यातली. इथं सल्ला साधा आहे आणि तो पाळणं बहुतेकांना जमण्यासारखं आहे: खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या, गोवऱ्या आणि सरपण घराच्या भिंतीपासून दूर रचा. चावला तर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, मांत्रिकाकडे एक तासही घालवू नका, हातपाय हलू न देता दवाखाना गाठा. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि पापण्या मिटणं एकत्र दिसलं तर साप दिसला नसला तरी दंशच धरून निघा.

एवढं पाळूनही दवाखान्यात प्रतिसर्पविष नसेल, श्वासाचं यंत्र नसेल, रात्री गाडी नसेल, तर माणूस मरतो. मण्याराच्या विषानं श्वासाचे स्नायू थांबतात. त्या वेळी यंत्रावर ठेवता आलं तर तो घरी चालत येतो. म्हणून बॅटरी घेण्याचा सल्ला माणसाला द्यायचा आणि औषधाच्या साठ्याचा जाब आरोग्य केंद्राला विचारायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या केंद्रात प्रतिसर्पविषाच्या किती कुप्या आहेत हे सरपंचानं जाऊन पाहावं. तो त्याचा अधिकार आहे.

हत्तीपायाच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. भंडारा जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात येतो. मोहिमेच्या दिवसांत कर्मचारी घरोघर गोळ्या देतात. त्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत आणि समोरच गिळायच्या. गर्भवती, दोन वर्षांखालची मुलं आणि फार आजारी माणसं सोडून सगळ्यांनी घ्यायच्या, पाय सुजलेला नसला तरी. गोळीनंतर ताप किंवा गरगरणं झालं तर बहुधा अंगातले जंतू मरत असतात, म्हणजे गोळीची गरज होती. पण गोळी घेऊन कर्मचारी सकाळी अकराला दारात येतो तेव्हा घरात म्हातारी आणि पोरं असतात, बाकीचे शिवारात. गोळ्या खिडकीत ठेवल्या जातात आणि तिथंच राहतात. इथं समजावण्याची कमी नाही, वेळेची कमी आहे. मोहीम संध्याकाळी सातला, जेवण झाल्यावर आली तर काम होईल.

आणि पाणी. ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला प्रत्येक पावसाळ्यात येतो, योग्यही आहे. पण नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन नाग नदी निघते, तेच पाणी कन्हानमधून वैनगंगेत येतं आणि गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं. त्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, ते आपल्याच पवनी तालुक्यात आहे. लाखोंच्या शहराची घाण नदीत सोडायची आणि खालच्या गावातल्या बाईला सरपण जाळून पाणी उकळायला सांगायचं, हा न्याय नाही. उकळून जंतू मरतात, कारखान्याचं रसायन मरत नाही. हा सल्ला नागपूरला द्यायचा आहे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला गंभीर वाटतो. आसगावचा शेतमालक म्हणजे कुणी मालगुजार नाही. दोन एकर धान, सोसायटीचं कर्ज, आणि त्याची स्वतःची बायको त्याच टोळीत वाकलेली. त्याच्या दारात सल्ला नेऊन काय मिळणार? खरं आहे. म्हणूनच एकट्या शेतकऱ्यावर हे ढकलून चालणार नाही, गावानं मिळून करायचं. ते जमतं याचा पुरावा गडचिरोलीत आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतल्या साध्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यांच्या हातात वजनकाटा, श्वास देण्याची पिशवी आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शनही दिलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. त्या बाया ‘बाळाला ऊब द्या’ एवढं सांगून परतल्या नाहीत, उबेची दुपटी घेऊन गेल्या. गाडगेबाबांनीही गावात शिरल्यावर आधी झाडू धरला, कीर्तन रात्री केलं. आपल्या आशाताईंच्या हातात आपण काय दिलं आहे? बहुतेकदा एक वही.

गावाकडे काही साधनं आहेत. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर प्रत्येक गावात आहे. तिला वर्षाला दहा हजारांचा मुक्त निधी मिळावा अशी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासूनची योजना आहे. कित्येक गावांत समितीच्या सदस्यांनाच आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसतं.

१ मेच्या ग्रामसभेत आसगावनं हा विषय घ्यावा, कारण तेव्हा रोवणी दोन महिन्यांवर असते आणि टोळ्यांची बोलणी अजून व्हायची असतात. एकरी दर ठरवताना त्यातच चार गोष्टी धराव्यात: बांधीवर झाकणाचं पाण्याचं पिंप, धुऱ्यावर बायांसाठी ताडपत्रीचा आडोसा, दुपारी कोरड्या जागी अर्धा तास, आणि सिकलसेल किंवा गर्भारपण असलेल्या बाईला तेवढ्याच मजुरीत पेंढ्या पोचवायचं काम. पिंप आणि ताडपत्र्या समितीच्या निधीतून घेता येतील, टोळीमागे एक. अर्ध्या तासाचा खर्च शेतकरी आणि टोळी दोघांनी वाटून घ्यावा. त्यावर भांडण होईल, ते ग्रामसभेतच होऊ द्यावं. टोळीतल्या बायांना त्या सभेला बोलवावं आणि त्यांना आधी बोलू द्यावं, कारण पाणी का पीत नाही हे त्यांच्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकणार नाही.